अंधाराची वाटणी



मी अंधाराला भितो.

हे वाक्य आधी नीट वाचा, मग हसायचं तर हसा. वय सव्वीस. सूतगिरणीत रिंग खात्यावर रातपाळी. कविता करतो. मोर्च्यात पुढं असतो, पोलिसाच्या काठीला अजून पाठ दाखवलेली नाही. पण खोलीतला दिवा मालवला की छातीत धडधड सुरू होते. तळहाताला घाम. कान आपोआप दाराकडं. रात्री लघवीला उठायचं म्हटलं तर सकाळपर्यंत दम धरतो. खोलीत आम्ही चौघं राहतो. तिघांना उजेडात झोप येत नाही, म्हणून दिव्याला पुठ्ठ्याचा आडोसा केलाय आणि उजेडाची एक फट माझ्या अंथरुणाकडं सोडलीय. मोबाईलचं चार्जिंग किती राहिलंय हे मी दिवसातून दहादा बघतो. कुणाचा फोन येणार म्हणून नव्हे. त्याची बॅटरी हाताशी पाहिजे म्हणून.

हे मी एका अभ्यासवर्गात बोललो. प्रत्येकानं आपली कमजोरी सांगायची होती. कुणी राग सांगितला, कुणी आळस, कुणी तंबाखू. माझी ऐकून वर्ग हसला. एक म्हणाला, "भीमाचा वाघ अन् अंधाराला भितो व्हय?" दुसरा म्हणाला, "भुतंखेतं मानतोस काय रे अजून? बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या मग?" तिसरा वयानं मोठा. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे आपल्यातच ठेव. बाहेर कळलं तर चळवळीची शोभा होते."

तिघं माझेच भाऊ आहेत. तिघांनाही उत्तर देणं भाग आहे, कारण हे तिघं प्रत्येक वस्तीत आहेत.

आधी भुताचं बघू. मी भूत मानत नाही. मुंजा, समंध, हडळ, खवीस, वेताळ, एकही मानत नाही. आणि ही यादी एकदा डोळे उघडून वाचा. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला पोरगा. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाची मुंज झाली नाही तो मुंजा होणार कसा? म्हणजे मेल्यावरही पिंपळावरची जागा राखीव, आणि ती आपल्यासाठी नाही. ब्रह्मसमंधाचं तेच. स्मशानाच्या पलीकडंसुद्धा जातीचा दाखला लागतो. असल्या भुताला मी कशाला भिऊ? त्यानंच विटाळाच्या भीतीनं माझ्यापासून लांब पळायला पाहिजे.

पण भूत नाही हे डोक्याला पटलं म्हणून छाती ऐकत नाही. डोकं वेगळं, अंग वेगळं. उजेडातून एकदम काळोखात गेलं की डोळ्याला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ डोळा अर्ध्या पगारावर काम करतो आणि त्याची ड्यूटी कान करतात. उजेडात आणि अंधारात माणसं बसवून त्यांना अचानक मोठा आवाज ऐकवण्याचे प्रयोग झालेत. अंधारात माणूस जास्त दचकतो. कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा. हे अंगातच आहे. लहान पोरांत ते जास्त असतं, मोठेपणी बहुतेकांचं ओसरतं, काहींचं ओसरत नाही. रोजच्या जगण्याच्या आड येण्याइतकं ते वाढलं तर डॉक्टर त्याला फोबिया म्हणतात आणि त्यावर उपचार करतात. यात प्रतिज्ञा मोडण्यासारखं काय आहे? हिवतापात दात वाजले तर तुम्ही माणसाला अंधश्रद्ध म्हणता काय?

आणि अंधारसुद्धा सगळ्या घरात सारखा नसतो बरं. अंगात अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो. दिवस मावळला की माणूस भिंत चाचपत चालायला लागतो. दूध, अंडं, पालेभाजी ज्या ताटात नाही त्या ताटाचा हा आजार. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याचा अंधार पातळ असतो. उपाशी माणसाचा अंधार जास्त काळा असतो. ही कविता नव्हे, हे वैद्यकशास्त्र आहे.

आता माझ्या छातीला हे कुठून लागलं ते सांगतो. मी सात वर्षांचा होतो. आमच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता कुठला यावरून वाद पेटला होता. रात्री जेवणं झाली आणि वस्तीची लाईट गेली. गावात दिवे चालू, देवळावरची माळ चालू, फक्त आमची ओळ काळी. कुणीतरी डीपीवरून आमच्या फेजचा फ्यूज काढला होता. मग पत्र्यावर दगड सुरू झाले. कोण टाकतंय दिसत नव्हतं. आईनं आम्हा दोघा भावंडांना कणगीच्या मागं ढकललं आणि तोंडावर हात दाबला. किती वेळ ते माहीत नाही. सकाळी पोलीस आले. त्यांनी माझ्या बापाला विचारलं, "कोण होतं? नाव सांग." बाप म्हणाला, "अंधार होता साहेब." साहेबानं वहीत तेच लिहिलं असणार. अंधार होता. आरोपी कुणी नाही.

दोस्तांनो, अंधार पडतो तो वेगळा आणि अंधार पाडला जातो तो वेगळा. पहिला सूर्य मावळल्यानं होतो, त्याला कुणाचा इलाज नाही. दुसरा डीपीवर बसून केला जातो. माझी छाती पहिल्याला भीत नाही, दुसऱ्याला भिते. तिला दोन्हीतला फरक चटकन कळत नाही, एवढाच तिचा घोळ आहे. गिरणीत लाईट जाते आणि साचे थांबतात तेव्हा खात्यात एकदम जी शांतता पसरते तिच्यात मला पत्र्याचा आवाज ऐकू येतो. जॉबर शिवी घालतो, पोरं शिट्ट्या मारतात, मी साच्याला पाठ लावून उभा राहतो. जनरेटर सुरू होईपर्यंत.

आता वाघाचं. भीमाचा वाघ भीत नाही म्हणणाऱ्या भावाला मी विचारतो, गाव इतकी शतकं रात्री निवांत झोपलं ते कुणाच्या जिवावर? वेशीवर कोण उभा होता? वेसकर. महाराचा माणूस. गाव कवाडं लावून आत झोपायचं आणि आपला खापरपणजा हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन बाहेर काळोखात गस्त घालायचा. मर्तिकाचा सांगावा दुसऱ्या गावाला न्यायचा तो आपणच, मग अमावस्या असो की ओढ्याला पूर असो. सरकारी टपाल पोचवायचं ते आपण. वाटसरूला वाट दाखवायची ती आपण. बदल्यात काय? दारोदार मागून आणलेली शिळी भाकर आणि वतनाचं तुकडाभर रान.

म्हणजे गावानं आपल्या वाट्याची भीती आपल्याला कामाला लावली होती. जमिनीची वाटणी झाली, पाण्याची झाली, तशी अंधाराचीही झाली. उजेड आत, अंधार बाहेर. आणि बाहेर आपण.

१९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. त्यांची एक मोठी तक्रार ही होती, की वतनदार महाराच्या कामाला घड्याळच नाही. दिवसा बोलवा, रात्री बोलवा, तो नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला जुंपा. गिरणीत पाळी संपली की भोंगा होतो. वतनाला भोंगा नव्हता. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे आपल्या आज्यापर्यंत ही रातपाळी चालू होती, आणि तिचा पगार नव्हता. त्या माणसाला भीती वाटत नसेल? वाटत असणार. पण सांगणार कुणाला? वेसकरानं भीती वाटते म्हटलं तर भाकर बंद. आपल्या घराण्यात भीती नव्हती असं नाही. भीती बोलायची परवानगी नव्हती. आज ती परवानगी कुणी नाकारत असेल तर तो आपलाच कार्यकर्ता आहे, याची मला लाज वाटते.

उजेडाची गोष्ट तर आणखी निराळी. पेशवाईतल्या पुण्यात सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना वेशीच्या आत बंदी होती अशी नोंद आहे. कारण काय? त्या वेळी सावली लांब पडते आणि ती कुणा सोवळ्यावर पडली की विटाळ. म्हणजे सूर्यसुद्धा आपल्या विरुद्ध साक्षीला उभा. तिकडं तमिळ मुलखात तिरुनेलवेलीच्या बाजूला पुदिरै वण्णार नावाची जात. अस्पृश्यांचे कपडे धुणारी, अस्पृश्यांतलीही तळाची. तिचं नुसतं नजरेला पडणंसुद्धा विटाळाचं. म्हणून त्यांनी दिवसा बाहेर पडायचं नाही, रात्री उठून कपडे धुवायचे आणि उजाडायच्या आत परत घरात. १९३२ साली हे वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास बसेना. आणि हे लक्षात घ्या, की तो विटाळ आपणही पाळत होतो. ज्यांचे कपडे धुतले जात होते ते अस्पृश्यच होते. अंधाराच्या वाटणीत आपल्या खालीही कुणीतरी होतं.

म्हणून मला कुणी म्हणालं की अंधाराची भीती हा तुझा खाजगी मामला आहे, तर मी हसतो. माणसांच्या एका अख्ख्या जमातीला रात्रीत कोंडणं हा खाजगी मामला आहे काय?

पुढं बघा. २५ डिसेंबर १९६८, रात्र. तंजावर जिल्ह्यातलं किळवेणमणी. शेतमजुरांनी मजुरी वाढवून मागितली होती. जमीनदारांची माणसं चालून आली, जीव वाचवायला बायापोरं एका झोपडीत शिरली, झोपडी पेटवली. ४४ माणसं जळाली. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयानं जमीनदारांना सोडलं. गाडी बाळगणारी श्रीमंत माणसं स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील हे पटत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. १ डिसेंबर १९९७, पुन्हा रात्र. बिहारचं लक्ष्मणपूर बाथे. रणवीर सेनेची माणसं सोन नदी ओलांडून आली. ५८ माणसं मारली, त्यात बाया आणि तान्ही पोरं. २०१० साली खालच्या कोर्टानं २६ जणांना दोषी धरलं. ९ ऑक्टोबर २०१३ ला पाटणा उच्च न्यायालयानं सगळ्या २६ जणांना सोडलं. साक्षीदार विश्वासाचे वाटले नाहीत. २९ सप्टेंबर २००६, दिवस मावळताना, आपल्या भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. ते मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

रात्रीच्या खटल्यात बचावाच्या वकिलाचा एक प्रश्न ठरलेला असतो: अंधारात तू ओळखलंस कसं? बापाला साहेबानं विचारलं त्याचाच हा कोर्टातला भाऊ. ज्यानं अंधार पाडला त्यालाच अंधाराचा फायदा, कायद्यानं. मग आपल्या माणसाच्या छातीत अंधाराची धडधड राहिली तर तिला वेड म्हणायचं, का स्मरणशक्ती म्हणायची?

तरी मी एक गोष्ट स्वतःला रोज सांगतो. अंधारानं स्वतः कधी कुणाला मारलेलं नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला तो सकाळच्या उजेडात. दहा माणसं गेली. उजेड होता, सरकार होतं, वर्दी होती. उजेड म्हणजे सुरक्षितता असं समजणं हेही एक खुळच आहे. प्रश्न दिवा आहे की नाही एवढ्यावर संपत नाही. बटण कुणाच्या हातात आहे, तिथं तो सुरू होतो.

गिरणीवाल्यांना तरी हे माहीत पाहिजे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. लोक म्हणाले प्रगती झाली. झालं काय? आधी दिवस मावळला की साचे थांबायचे. दिवा आला आणि कामाचे तास चौदा-पंधरावर गेले. कामगारांनी त्याविरुद्ध आरडाओरडा केला, दगड मारले. तो दिवा धाग्यासाठी होता, माणसासाठी नव्हता. आजही मी ज्या खात्यात उभा असतो तिथं इतका लख्ख उजेड असतो की तुटलेला धागा लांबून दिसावा. पाळी सुटते, गेटच्या बाहेर पाऊल पडतं आणि तिथून वस्तीपर्यंत दीड किलोमीटर एक खांब पेटत नाही. धागा हरवू नये म्हणून लाखाचा उजेड. कामगार हरवला तर दुसरा गेटवर उभाच आहे.

सरकारी कागदाचंही ऐका. पूर्वी गावाच्या हद्दीत कुठंही, कशालाही वीज वापरली की गाव विद्युतीकरण झालेलं धरायचे. एखाद्या बागायतदाराच्या विहिरीवर मोटार बसली, की झालं गाव उजळलं! २००४ साली व्याख्या बदलली आणि तिच्यात असं वेगळं लिहावं लागलं, की गावाबरोबर दलित वस्तीतही तारा आणि ट्रान्सफॉर्मरची सोय पाहिजे. 'गाव' या शब्दात आपण धरलेच जात नव्हतो, म्हणून वेगळं लिहावं लागलं. तरीही दहा टक्के घरांत वीज असली तरी गाव पास. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरच्या लेइसांग गावात वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याची दवंडी पिटली गेली. दवंडी पिटायला पूर्वी आपणच असायचो, यावेळी तेवढं काम वाचलं.

आणि बाया? आपण पुरुष अंधाराच्या भीतीवर हसतो. ज्या घरात संडास नाही, किंवा आहे पण पाणी नाही, तिथली बाई दिवसभर अंधाराची वाट बघते. पाणी कमी पिते, कमी खाते. अंधार पडला की उठते, आणि त्याच अंधारात तिला जाताना धोका. जिची लाज अंधार झाकतो आणि जिच्यावर हल्लाही अंधारातच होतो, तिची छाती कशी वाजत असेल? अभ्यासवर्गात माझ्यावर हसणाऱ्यांत एकही बाई नव्हती. एक तर बाया वर्गाला आल्याच नव्हत्या. वर्ग रात्री साडेआठला ठेवला होता.

आणखी एक अंधार भर दुपारी बाराचा असतो. गटारीच्या झाकणाखाली. २०१३ साली हातानं मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा झाला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली ते तीस लाख केले. अंधाराचा दर वाढला. उतरणारी जात तीच राहिली. त्या पोराला आत उतरताना भीती वाटते का हे कुणी विचारत नाही. विचारलं तर तो म्हणतो, दारू प्यायल्याशिवाय उतरवत नाही. ही त्याच्या भीतीची कबुली आहे आणि आपण तिला व्यसन म्हणतो.

आता दोन शब्द आपल्या कवींना, त्यात मीही आलो. आपल्या कवितेत अंधार म्हणजे अज्ञान, अंधार म्हणजे गुलामी, काळं म्हणजे वाईट, आणि शेवटच्या ओळीत सूर्य उगवतोच. हे नाणं कुठल्या टांकसाळीतलं? अंधारातून उजेडाकडं नेण्याची प्रार्थना उपनिषदात आहे, शाळेत ती घोकून घेतात, आणि ती रचणाऱ्यांच्या घरात दिवे होतेच. त्यांना अंधार उपमेपुरता परवडतो. आपल्याला अंधारातून चालत घरी जायचंय. ज्या कवीला आपल्या गल्लीत किती दिवे पेटतात हे माहीत नाही, त्यानं कवितेत सूर्य उगवू नये. आधी खांबावर चढावं. आणि काळ्या रंगाला शिव्या देताना आरशात एकदा बघावं.

राहिला तिसरा भाऊ. हे आपल्यातच ठेव म्हणणारा. त्याचं म्हणणं मनानं चांगलं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. त्याला मी बाबासाहेबांकडं घेऊन जातो.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेलं छोटं आत्मकथन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपात काढलं. त्यात १९०१ सालचा प्रवास आहे. नऊएक वर्षांचा भीमा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन पोरं, बापाला भेटायला कोरेगावला निघालेली. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी आलं नाही. महार आहेत कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर आला, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार. मग रात्र झाली. रस्त्यावर दिवा नाही, माणूस नाही, गुरंढोरंसुद्धा नाहीत. पोरं घाबरली. गाडीवाला आपल्याला आडरानात नेऊन मारेल असा संशय आला, अंगावर दागिने होते. पोरं रडायला लागली. हे कुणी शत्रूनं लिहिलेलं नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

तिथंच पुढं बडोद्याची हकिगत आहे. परदेशातून शिकून आलेला माणूस, राहायला जागा कुणी देईना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेच्या माडीवर राहिला. वर सगळी अडगळ, ना वीज ना तेलाचा दिवा. रखवालदार एक लहान कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड वीतभर. छपरात वटवाघळं. त्यांच्या फडफडण्यानं अंगावर शहारा यायचा, तळघरात कोंडल्यासारखं वाटायचं, बोलायला एखादं माणूस असावं असं वाटायचं. हेही त्यांनीच लिहिलंय. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब, आणि एका काळ्या माडीवर एकटे. त्यांनी ते लपवलं नाही. अस्पृश्यता म्हणजे काय हे जगाला कळावं म्हणून ते लिहिलं. त्यांची भीती हा पुरावा होता. मग माझी भीती शोभा कशी? ज्यांनी आपल्याला बोलायला शिकवलं त्यांच्या फोटोखाली बसून आपण एकमेकांची तोंडं दाबायची?

आणि वाघ-वाघ करणाऱ्यांनी बुद्धाकडंही जावं. मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाला बुद्ध सांगतात, की बोधी मिळायच्या आधी ते मुद्दाम भयानक वाटणाऱ्या रानात रात्री जाऊन राहायचे. एखादं जनावर यायचं, मोराच्या पायानं काटकी मोडायची, वाऱ्यानं पाला सळसळायचा, आणि मनात यायचं, हीच ती भीती येतेय. मग त्यांनी काय केलं? चालताना भीती आली तर चालतच राहिले, बसले असताना आली तर बसूनच राहिले, ती जाईपर्यंत. काही लोक रात्रीला दिवस समजतात आणि दिवसाला रात्र, आपण रात्रीला रात्रच म्हणतो, असंही ते तिथं सांगतात. सिद्धार्थ गौतमाला भीती आली, आणि त्यानं ती आली असं सांगितलं. रात्रीला दिवस म्हणून छाती फुगवणं हा धम्म नव्हे. आणि बघा, डॉक्टर लोक आज फोबियावर जो उपाय करतात तो याच वाटेनं जातो: ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ थोडं थोडं जायचं आणि भीती उतरेपर्यंत पळायचं नाही.

मी तेच सुरू केलंय. आमच्या खात्यातला एक मुसलमान दोस्त आहे, त्याला मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, माझी अम्मी दंग्यानंतर अशीच झोपते, दिवा लावून. आता पाळी सुटली की आम्ही दोघं त्या दीड किलोमीटरवर बॅटरी बंद करून चालतो. पहिल्या दिवशी दोन मिनिटं जमली. परवा अकरा झाली. छाती वाजते, पण वाजता वाजता खाली येते. एखाद्या दिवशी जमत नाही, मग बॅटरी लावतो. घरी दिवा लावूनच झोपतो आणि आणखी काही वर्षं झोपेन कदाचित. तो माझ्या घामाच्या पैशाचा दिवा आहे.

पण माझी छाती दुरुस्त झाली म्हणून डीपी दुरुस्त होत नाही. दोन्ही कामं बरोबर चालली पाहिजेत. रस्त्यावरची दिवाबत्ती ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. पंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असा नियम आहे. वस्ती सुधारण्याच्या योजनेतून दिव्यांना निधी मिळतो. तो मिळाला नसेल तर कुठं गेला हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. जयंतीच्या आदल्या दिवशी ठाण्यात जो अर्ज देतो त्यात एक ओळ वाढवा: मिरवणुकीच्या रात्री वस्तीची लाईट गेली तर जबाबदार कोण, त्याचं नाव लेखी द्या. सभा, वर्ग, बैठका दिवसाउजेडी ठेवा, म्हणजे बाया येतील. आणि कुणी म्हणालं की मला भीती वाटते, तर त्याला विचारा, कशाची, कधीपासून, आणि तेव्हा डीपीवर कोण होतं.

येत्या अमावस्येला प्रत्येकानं आपल्या वस्तीत रात्री एक फेरी मारा. जोडीनं मारा, बॅटरी घेऊन मारा, लाजू नका. खांब मोजा. किती उभे, किती पेटतात, डीपीची किल्ली कुणाकडं, हे कागदावर उतरवा आणि खाली सह्या घ्या. आमच्या वस्तीचं मी मोजलंय: खांब अकरा, दिवे चार, त्यातला एक समाजमंदिराचा, आणि डीपी पाटलांच्या गोठ्याला लागून. एकोणीस सह्या झाल्यात, त्यातल्या बारा बायांच्या. तुमचा आकडा कळवा.

जयभीम.